डाव्या डोळ्यातली भिंत

नोव्हेंबरात ड्युलूथमध्ये कोणी रंग घेत नाही.
लोक फावडी नेतात, रस्त्यावर टाकायचं मीठ,
खिडकीच्या फटी बुजवायची फोमची पट्टी.
म्हणून रेनो माकेला थेट रंगाच्या काउंटरशी आला
तेव्हा मला वाटलं, म्हातारा वाट चुकला.

"माझी भिंत कुणीतरी बदलली," म्हणाला.

उजवा मोतीबिंदू परवाच काढलेला.
पट्टी सुटली, घरी आला, बूट काढले,
आणि बैठकीची भिंत, जी अकरा वर्षं
दूध जास्त झालेल्या कॉफीसारखी होती,
ती राखाडी. ओल्या सिमेंटची.
"व्हर्ना, हे कधी केलंस?"
व्हर्ना ताटली पुसत होती. तीच ताटली
तिने परत एकदा पुसली.

मी जुनी कार्डं काढली. सापडलं.
माकेला, बैठक, तीन डबे.
काळ्याचे आठ थेंब, निळ्याचे दोन,
पिवळ्याचा एकही नाही.
नाव: धुकं.

त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.
"हा डावा अजून जुनाच आहे. याला दिसते ती भिंत.
तीन आठवड्यांनी हाही काढणार.
त्याआधी ती मला डब्यात भरून दे."

आता हा रंग म्हणजे काय, ते सांगतो.
ना उजळ, ना गडद. गुलाबीकडे कललेला नको,
हिरव्याकडे तर मुळीच नको.
पाहुणा घरी पोचल्यावर त्याला आठवू नये, असा.
लाल चुकला तरी लालच राहतो.
हा चुकला की भिंतीला कावीळ होते.
कंपनीच्या पट्ट्यांवर नावं झकास:
ओट, वाळूचा टापू, झोपलेला ससा.
ठेवणाऱ्याने उभ्या जन्मात
एक खोली रंगवली नसणार.

पट्ट्यांनी भागेना, तेव्हा मीच गेलो,
चढावरच्या त्या घरी, पाच छोटे डबे घेऊन.
सोफा ओढला. भिंतीवर वीतभर चौकोन मारले.
तो उजवा मिटून भिंत बघायचा,
डावा मिटून माझा चौकोन.
उजवा, डावा. उजवा, डावा.
दुरून वाटावं, म्हातारा भिंतीला डोळा मारतोय.
"काव हवी. अजून थोडी."
"आता फार झाली."
खाली सरोवरावर खनिजाचं एक जहाज
पुलाखाली शिरायला बराच वेळ घेत होतं.
पाचव्या चौकोनापाशी तो काही बोलला नाही.
दोन्ही डोळे मिटून उभा राहिला.

दारातून व्हर्ना म्हणाली,
"मी अकरा वर्षं सिमेंटात राहिले."
मी ब्रश पुसू लागलो. पुसलेलाच होता.
"दुकानात तूच म्हणालास, याला ऊब आहे.
मला ती दिसेना. वाटलं, मलाच दिसत नसेल.
मग पडदे घेतले केशरी. दिवा घेतला.
ती घोंगडी विणली. तुला वाटलं, मला हौस आहे."

रेनो तिच्याकडे वळला. आधी एका डोळ्याने,
मग दुसऱ्या.
काय दिसलं, ते बोलला नाही.
मला डबे गोळा करायचे होते, मी केले.

चार डबे दिले. नवं कार्ड भरलं:
काव साडेतीन, पिवळी माती पाच, काळा एक.
नावाच्या रकान्यात लिहिलं, डावा डोळा.
पुढेमागे कुणी मागितला तर असावा.

जानेवारीत तो आला, मिठाचं पोतं न्यायला.
दोन्ही डोळे नवे, लहान मुलासारखे टकटकीत.
भिंतीचं विचारलं.
"व्हर्ना म्हणते, जरा गोडच झालाय.
केशरी पडदे आता शोभत नाहीत. काढलेत."
पोतं खांद्यावर घेतलं, दारापर्यंत गेला, थांबला.
"कपाटामागे हातभर धुकं तसंच आहे.
तिनेच ठेवायला लावलं."
का, ते मी विचारलं नाही.
कपाट जड होतं, हेही खरं.